टॅकोपुढे मान तुकवताना

मेक्सिकन रेस्टॉरंटात माझी फजिती तोंडात काही जाण्याआधीच सुरू होते. ऐटीत "एक केसाडिला" म्हटलं, तर मुलगी टेबलाखालून पाय मारून कुजबुजली, "बाबा, केसादिया. दोन एल आले की 'य' म्हणायचं." मी लगेच हुशारीने "हालापेनो जास्त" म्हणालो. तर त्या मिरचीचं नाव हालापेन्यो निघालं.

मागवलेलं येईपर्यंत चिप्सची टोपली आणि साल्साची वाटी आली. फुकट. टोपली रिकामी झाली की वेटर न विचारता भरत होता, आणि भरलेली टोपली तशीच ठेवणं माझ्या स्वभावात नाही. तिसऱ्या टोपलीला मुलगी म्हणाली, "पोटात जागा ठेव जरा." मी विषय बदलून तिला नाचोजची गोष्ट सांगायला घेतली. मेक्सिकोतलं पिएद्रास नेग्रास गाव, १९४० च्या दशकाची सुरुवात. अवेळी गिऱ्हाइकं आली, तेव्हा इग्नासिओ अनाया या गृहस्थाने तोर्तियाचे, म्हणजे मक्याच्या पोळीचे, तळलेले तुकडे, चीज आणि हालापेन्यो असं हाताला लागेल ते एका ताटलीत घालून पुढे केलं. इग्नासिओचं लाडकं नाव नाचो, म्हणून पदार्थही नाचोज. मुलगी तोवर फोनमध्ये होती.

मग टॅको आला. दुमडलेल्या तोर्तियाचं कडक कवच, आत सारण. आजूबाजूचे सराईत लोक टॅको आडवा धरून मान खांद्यावर टाकत होते, कानाखाली फोन दाबल्यासारखी. मला हे लाजिरवाणं वाटलं. मी ताठ मानेनं टॅकोच उभा केला आणि चावलो. काडकन आवाज झाला आणि तो बुडातून उकलला. टोमॅटो मांडीवर, सावर क्रीम बाहीत, उरलेलं ताटलीत. हातात नुसता कवचाचा एक तुकडा. तोंडात काय गेलं म्हणाल, तर सगळे हालापेन्यो. अख्खा ग्लास पाणी प्यायलो. आग पसरली फक्त. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, हे मला माहीत आहे. पण ते आठवायला डोकं जाग्यावर लागतं. शेवटी बाहीवरचंच सावर क्रीम चाटलं. हळूच. तरी मुलीने पाहिलंच.

ताटलीत आता कवचाचे तुकडे, त्यांवर चीज आणि वाचलेले दोन हालापेन्यो एवढंच उरलं होतं. वेटर आला, ताटलीकडे बघून हसून म्हणाला, "नाचोज कसे होते, सर?"

"मस्त," मी म्हणालो.