हळू चालवा, पुढे ढोल आहे

तीन महिने मी फक्त हळू जायची प्रॅक्टिस करत होते. मुळशीच्या बाजूला ५४ किमीची एमटीबी म्हणजे माउंटन बाइक रेस, २७ चे दोन लूप, मी ४३ वर्षांची आणि आजवरचं एकमेव बक्षीस सोसायटीच्या संगीत खुर्चीचं. ऑफिसातल्या एका मुलाने अशा चार रेस केल्यात, त्यालाच कोच मानला. तो म्हणाला, ताई एकच नियम, पहिला तास कंटाळा येईल इतकं हळू. २२० वजा वय म्हणजे तुमचा हार्टरेट जास्तीत जास्त १७७, अंदाजच असतो तो, पण रेसमधे चढावर १४० च्या वर जायचं नाही. जोरात मारलं तर साठवलेलं ग्लायकोजन, म्हणजे स्नायूंतलं साखरेचं इंधन, दीड-दोन तासात संपतं आणि मग पाय सायकलवर असतात पण आपले नसतात.

ऐकायला सोपं आहे हो. पहाटे खडकवासल्याकडे जाताना तर १२४ चीच मर्यादा, त्यावर गेलं की घड्याळ पीं पीं करणार, मी स्लो होणार, मग फिरायला आलेले एक काका मला मागे टाकणार, मी उतारावर त्यांना, असं आमचं महिनाभर चाललं. शेवटी त्यांनीच विचारलं, चेन पडलीये का? सिंहगड घाटात १४० ठेवायचं म्हणजे मागची जेवणाच्या ताटाएवढी ५१ दातांची चकती, म्हणजे सगळ्यात हलका गिअर, टाकूनही सायकल आडवी पडायच्या बेतात.

खाणं वेगळंच प्रकरण. तासाला साधारण ६० ग्रॅम कार्ब, तेही थोडं थोडं, म्हणून घड्याळात दर २० मिनिटांचा अलार्म. राजगिऱ्याचा लाडू चढावर खाऊ नये, धाप लागलेली असताना तो पोटात न जाता फुफ्फुसात जायला बघतो. चिक्की खिशात वितळून जर्सीचाच भाग झाली. शेवटी खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा आणि कोकम सरबत यावर आले. पॅडवाली शॉर्ट दोरीवर वाळत होती ती बघून सासूबाई म्हणाल्या, अगं ही गादी शिवलेली चड्डी कोणाची? माझी म्हटलं. त्या दिवशी पुढे काही बोलल्या नाहीत.

कोलोराडोत लेडव्हिलला १०० मैलांची एमटीबी रेस असते, १९९४ पासून, सुरुवातच १० हजार फुटांवर, १२ तासांत संपवली तर पट्ट्याचं बकल मिळतं. तिथले व्हिडिओ बघून बघून मी स्वतःला फार शांत, अनुभवी वगैरे समजायला लागले होते.

आणि स्टार्टला ढोल-ताशा. याबद्दल कोच एक अक्षर बोलला नव्हता! अजून सायकलवर टांग टाकलेली नाही आणि घड्याळात १३८. पुण्यात जन्म गेलेल्या बाईने ताशाची तर्री ऐकून कंटाळा येईल इतकं हळू जायचं म्हणजे काय, पहिल्या चढावर १६९ होते मी, घड्याळ पीं पीं करून करून गप्प झालं, सगळ्यांना मागे टाकत होते आणि खरं सांगते, इतकं भारी आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. बटाटा? कोण खातंय बटाटा.

पहिला लूप संपतो तिथेच पार्किंग, तिथेच मिसळीचा वास, तिथेच नवरा प्लेट घेऊन उभा. झालं? अजून एक. हेच परत? त्याचा सूर अगदी निरागस होता, म्हणूनच जास्त लागला.

३५ व्या किलोमीटरला मुरमाच्या चढावर उजव्या मांडीत गोळा आला, तो गेला तर डावीत. फुफाटा इतका की दातात पण कचकच. उतरले, सायकल ढकलायला लागले. शेजारी अजून एकजण ढकलत होता. म्हणाला, मघाशी ढोलापाशी मला कट मारून गेलात ना तुम्ही? हो म्हटलं. त्याने एक खजूर दिला, माझे सगळे खिशात तसेच असून मी घेतला.

घड्याळात पाहिलं. १३६. पहिल्यांदाच सगळं प्लॅनप्रमाणे चाललं होतं.