प्रेमकथांच्या संग्रहाला दोन स्टार देणाऱ्या ताईंना आमच्या दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. जळगावला बहिणीकडे आल्या होत्या तेव्हा आमच्याकडून प्रेमकथांचा संपादित संग्रह नेला, दुकानदाराने कौतुक करकरून गळ्यात मारला, कथा सगळ्या जुन्याच गोळा केलेल्या, अर्ध्यांचा शेवट गोड नाही, भाषा गावठी, आणि केळीवाल्या कथेत तर काहीच घडत नाही, असं तुमचं म्हणणं. पुस्तक विकलं की माझं काम संपलं असं मी कधीच मानलं नाही आणि कथासंग्रह हा तर माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय, म्हणून उत्तर जरा लांब होतंय.

आधी शेवटाचं बोलू. तुम्ही लिहिलंय की मोबाईलवर इंग्लिश रोमान्स भरपूर वाचता, तिथे असा धोका होत नाही. बरोबर आहे, तिथे तो शब्दच दिलेला असतो. अमेरिकेत १९८० साली रोमान्स लिहिणाऱ्यांची संघटना निघाली, रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका, त्यांनी दोनच अटी ठेवल्या, गोष्टीच्या मध्यभागी प्रेम पाहिजे आणि शेवट समाधान देणारा, आशेचा पाहिजे. ती अट पाळणारं पुस्तक त्याच मापाने मोजा, माझी काही हरकत नाही. पण आपल्या मराठी संग्रहाने कव्हरवर असं कबूल केलेलंच नाही, इथे ताटातूट झाली तरी ती प्रेमकथाच. शेवट दुःखाचा आहे एवढ्यावरून कथा वाईट ठरत नाही हो, तो शेवट मागच्या पानांतून आलाय की लेखकाला पुढे सुचेना म्हणून हिरोला ट्रकखाली घातलंय, हे बघायचं. आणि गोड शेवटालाही हाच नियम लावा, शेवटच्या पानावर सासरा अचानक विरघळला तर तोही ओढूनताणूनच आणलेला.

आता केळीवाली कथा, ती तुम्ही परत एकदा वाचावी असं मला मनापासून वाटतं. रावेरकडचा वजनकाटा आहे, ती तिथे वजनाच्या चिठ्ठ्या लिहिते, तो केळीच्या गाड्या घेऊन येतो, आणि जवळजवळ पूर्ण कथाभर दोघं आकड्यांशिवाय एक शब्द बोलत नाहीत, तो वजन सांगतो, ती लिहिते. मग एक दिवस ती रजेवर असते, जागेवर दुसराच माणूस बसलेला, तर हा भरलेली गाडी काट्यावर घालतच नाही, बाजूला लावतो आणि म्हणतो उद्या मोजू. ताई, भरलेली केळी उन्हात एक दिवस उभी ठेवणं म्हणजे काय ते या भागात शेंबड्या पोरालाही कळतं, मालक सोडत नाही, भाव तुटतो. एवढं नुकसान तो पत्करतो आणि लेखकाने पूर्ण कथेत प्रेम हा शब्द एकदाही वापरलेला नाही! मी प्रेमकथा पारखतो ती अशी. या दोघांचं प्रेम या दोघांचंच आहे का, की नावं आणि गाव बदललं तरी कुठल्याही जोडप्याला बसेल. ही कथा काट्यावरून उचलून पुण्याच्या कॉफी शॉपमध्ये नेली तर तिच्यात काहीच उरत नाही, आणि म्हणूनच ती चांगली आहे.

भाषेबद्दल म्हणाल तर त्या कथेतली माणसं लेवा बोलीत, म्हणजे आमच्या जळगावकडच्या मराठीत बोलतात आणि संपादकाने ती धुऊन पुसून पुस्तकी केली नाही, याचं मला कौतुकच वाटतं. आमच्या असोद्याच्या बहिणाबाईंची गाणी १९५२ साली पुस्तकात आली तीही इकडच्याच बोलीतली, आज महाराष्ट्रभर लोकांना पाठ आहेत. गावठी म्हणून स्टार कापलात ते मात्र मला लागलं.

जुन्या कथा गोळा केल्या म्हणता, पण संपादित संग्रहाचं कामच ते आहे. १९०९ साली मनोरंजन मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे कथा आधी अंकात येते आणि मग पुस्तकात. बघायचं ते पूर्वप्रसिद्धीचं पान, म्हणजे कुठली कथा आधी कधी आणि कुठल्या अंकात आली ते सांगणारं. सगळ्या कथा एकाच वर्षाच्या आणि दोन-तीनच अंकांतल्या असतील तर समजा संपादकाने हाताशी होतं ते उचललं, वेगवेगळ्या काळातल्या आणि लांबलांबच्या अंकांतल्या असतील तर माणूस खरंच वाचत बसला होता. तुमच्याकडच्या पुस्तकात ते पान अनुक्रमणिकेच्या मागे आहे, बघा एकदा. संग्रह घेताना माझी स्वतःची सवय म्हणजे पहिली कथा सोडून मधलीच एखादी उभ्याउभ्या वाचायची, कारण चांगली कथा पुढे लावतातच, भरिताची वांगी घेताना आपण काय टोपलीतलं वरचं एकच बघून घेतो का.

एका बाबतीत मात्र तुमचं शंभर टक्के खरं. ती कॉलेज गॅदरिंगची आणि ती लग्नाच्या मांडवातली, दोन्ही कथांत तो तिला चुलतभावासोबत बघतो, गैरसमज करून घेतो आणि कित्येक वर्षं वाया घालवतो, एक फोन केला असता तर कथा दुसऱ्या पानावर मिटली असती. अशी एक कथा संग्रहात चालवून घेता येते, दोन घेतल्या म्हणजे संपादक कंटाळला होता. बारा कथांमध्ये बारा तऱ्हेची माणसं भेटली पाहिजेत, नाहीतर संग्रह कशाला करायचा. याच्यासाठी एक स्टार कापला असता तर मी हे उत्तर लिहिलंच नसतं.

पुस्तक वाचून झालंय त्यामुळे पैसे परत होणार नाहीत, तसा बोर्ड काउंटरवर लावलेलाच आहे. पण बदलून देतो, कव्हर फाटलेलं नसलं म्हणजे झालं. पुढच्या खेपेला जळगावला याल तेव्हा बिल सोबत आणा आणि गोड शेवटाचंच पाहिजे असं आधी सांगा, तसे दोन संग्रह मी बाजूला काढून ठेवतो, बसून वाचा आणि मगच घ्या. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं तेवढं लक्षात ठेवा.