व्यक्ती तितक्या प्रकृती, मग पक्षी चारच कसे?

धंदेवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. गेल्या महिन्यात तो मला तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक तर माझ्याच भागीदाराकडून. धंद्याचे मालक म्हणे चार प्रकारचे असतात. धडाडीने झटपट निर्णय घेणारा तो गरुड. बोलका, गिऱ्हाईक जिंकून आणणारा तो मोर. सगळ्यांना सांभाळून घेणारं ते कबूतर. आणि आकडे तपासत बसणारं ते घुबड. दहा प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि आपला पक्षी ओळखायचा. पुढे ठणकावून सांगितलंय: हे मानसशास्त्राने सिद्ध झालेलं आहे, पक्षी जन्मजात असतो आणि बदलत नाही, माणसं पक्षी बघूनच नेमा, मालक व्हावं ते गरुडानेच, आणि घुबडाने मोराशी भागीदारी करू नये.

भागीदाराने खाली लिहिलं होतं, "तू घुबड. मी कधीच ओळखलं होतं."

मालकामालकांत फरक असतो, कामाच्या पद्धतीही वेगळ्या असतात, यावर माझा वाद नाही. दोन माणसं एकाच धंद्यात वीस दिवस घातली तरी ते दिसतं. माझा वाद आहे तो त्या फरकाला चार पिंजरे करण्याशी, आणि पिंजऱ्यांवरून धंद्याचे निर्णय घेण्याशी.

"मानसशास्त्राने सिद्ध झालेलं आहे"

माणसांचे चार प्रकार ही कल्पना मानसशास्त्राहून खूप जुनी आहे. प्राचीन ग्रीक वैद्यकात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार द्रव मानत आणि गेलेनसारख्या वैद्यांनी त्यांचा संबंध स्वभावाशी जोडला. आजची पक्ष्यांची चौकट बरीचशी विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या 1928 सालच्या मांडणीवर बेतलेली आहे. (रक्तदाब मोजून खोटं पकडण्याचे प्रयोग करणारा आणि पुढे 'वंडर वुमन' ही चित्रकथेतली नायिका निर्माण करणारा हाच तो मार्स्टन. माणूस गमतीचाच.) समोरची परिस्थिती आपल्याला अनुकूल वाटते की प्रतिकूल, आणि तिच्यापुढे आपण वरचढ वाटतो की दुबळे, त्यावरून माणूस चार तऱ्हांनी प्रतिसाद देतो, असं त्याचं म्हणणं. प्रतिसाद चार होते; माणसं चार प्रकारची आहेत असं ते म्हणणं नव्हतं. चाचणीही त्याने कधी तयार केली नाही. प्रश्नावल्या नंतर इतरांनी बनवल्या, आणि पक्षी तर फारच नंतर येऊन बसले.

माणसांना प्रकारांत बसवणाऱ्या चाचण्यांतली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे 16 प्रकार सांगणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी. ती कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या 1921 मधल्या विचारांवरून तयार केली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण घेतलेलं नव्हतं. तेवढ्यावरून चाचणी टाकाऊ ठरत नाही, पण "सिद्ध" हा शब्द इथे उधार आणलेला आहे. व्यक्तिमत्त्वाच्या संशोधनात आज ज्या मोजमापावर जास्त भिस्त आहे ते पाच गुणांचं आहे: नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि मनाची अस्थिरता. यात कुणी एका प्रकारचा नसतो. प्रत्येकात पाचही गुण कमीजास्त असतात.

"पण माझं वर्णन तंतोतंत जुळलं"

जुळणारच. 1948 साली बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांकडून एक चाचणी भरून घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाला "तुमचं वर्णन" म्हणून एक कागद दिला. वर्णन किती जुळतं याला 5 पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी 4.26 आली. मग कळलं, की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि त्यातली बरीच वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. आमच्या संदेशात घुबडाबद्दल लिहिलंय: "तुम्ही विचार करून बोलता, पण तुमची कदर पुरेशी होत नाही." आपली कदर पुरेशी होते असं वाटणारा मालक कुणाला भेटला असेल तर मला त्याचं दर्शन घ्यायचंय.

"पक्षी जन्मजात, बदलत नाही"

स्वभावाला औषध नाही, ही म्हण संदेशात आहेच. पण ज्या तऱ्हेच्या चाचण्यांच्या जोरावर ही म्हण पुढे केली आहे, त्यांचंच उत्तर टिकत नाही. 16 प्रकारांच्या त्या चाचणीत पाच आठवड्यांनी पुन्हा बसवलं तर निम्म्यापर्यंत लोकांचा प्रकार बदलून येतो, असं संशोधकांनी नोंदवलेलं आहे. कारण सोपं आहे. बहुतेक माणसं मोजपट्टीच्या मधोमध कुठेतरी असतात आणि चाचणी नेमकी तिथेच रेघ मारते. उंचीचं उदाहरण घ्या. 165 सेंटिमीटरच्या वर तो उंच, खाली तो बुटका, असं ठरवलं की 164 आणि 166 वाले दोन जातींचे होतात आणि 166 व 190 वाले सख्खे भाऊ.

शिवाय स्वभाव खरोखरच हळूहळू सरकतो. 2006 साली मानसशास्त्रज्ञ ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ चाललेल्या 92 अभ्यासगटांची माहिती एकत्र तपासली. वयाबरोबर, विशेषतः विशीपासून चाळिशीपर्यंत, काटेकोरपणा आणि मनाचं स्थैर्य सरासरीने वाढत जातं असं त्यांना दिसलं. धंदे सुरू होतात ते बहुधा याच वर्षांत.

"माणसं पक्षी बघूनच नेमा"

16 प्रकारांच्या चाचणीची प्रकाशक कंपनीच सांगते, की नोकरभरतीसाठी ही वापरू नका. विकणाराच नको म्हणतो, तिथे आपण का हट्ट धरायचा?

"मालक व्हावं ते गरुडानेच"

सगळ्यांत जास्त नुकसान करणारं वाक्य हे आहे. ते वाचून कुणीतरी गप्प स्वभावाचा माणूस आपली कल्पना खिशात घालून परत नोकरीला जातो.

संदेशात काही जगप्रसिद्ध उद्योजकांची नावं दिली आहेत, सगळे गरुड. त्यांनी ही प्रश्नावली कधी भरली होती? कुणीतरी लांबून पाहून शिक्का मारला, एवढंच. आणि त्याच धडाडीने उडी मारून बुडालेले? ते यादीत नाहीत, कारण बुडालेल्यांच्या याद्या कुणी पुढे पाठवत नाही. जिंकला की त्याला धडाडी म्हणतात, बुडाला की उतावळेपणा.

हाओ झाओ आणि स्कॉट सायबर्ट या संशोधकांनी 2006 साली 23 अभ्यास एकत्र करून उद्योजक आणि नोकरीतले व्यवस्थापक यांच्या स्वभावांची तुलना केली. उद्योजक नव्याची ओढ असलेले आणि मनाने जास्त स्थिर निघाले. जुळवून घेण्यात थोडे कमीही निघाले, म्हणजे गरुडाच्या बाजूने एवढा मुद्दा मी देऊन टाकतो. पण सर्वांत मोठा फरक होता काटेकोरपणात, आणि संदेशाच्या भाषेत तो गुण घुबडाचा! बहिर्मुखतेत तर फरकच सापडला नाही. हे सगळे फरकही सरासरीचे आणि मध्यम आकाराचे. त्यावरून एखाद्या माणसाला "तू हो" किंवा "तू नको होऊ" सांगता येत नाही.

"बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही," असं आपण म्हणत आलो. मानसशास्त्रज्ञ अॅडम ग्रँट यांनी 2013 मध्ये फोनवरून विक्री करणाऱ्या 340 जणांची कमाई तपासली. सर्वांत जास्त विक्री ना बोलघेवड्यांची होती, ना अबोलांची. मधल्या लोकांची होती. गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायलाही तोंड मिटावं लागतं.

याहून मला महत्त्वाचा वाटतो तो टोगो देशातल्या लोमे शहरात झालेला प्रयोग. 1,500 छोट्या धंद्यांच्या मालकांचे तीन गट केले. एकाला काहीच शिकवलं नाही. दुसऱ्याला हिशेब, विक्री वगैरे नेहमीचं व्यवसाय प्रशिक्षण दिलं. तिसऱ्याला पुढाकार घ्यायला शिकवलं: संधी स्वतः हुडकणं, अडचणी आधी ओळखणं, पहिल्या नकारानंतर थांबायचं नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दोन वर्षांत तिसऱ्या गटाचा नफा पहिल्याच्या तुलनेत 30 टक्क्यांनी वाढला. दुसऱ्याचा 11 टक्के, आणि तोही संख्याशास्त्राच्या कसोटीवर भरवशाचा नव्हता. ज्याला आपण गरुडाचा जन्मजात गुण म्हणतो त्यातला बराचसा भाग वर्गात बसून शिकता येतो, असा याचा सरळ अर्थ.

"घुबडाने मोराशी भागीदारी करू नये"

गंमत म्हणजे मागच्या वर्षी फिरलेल्या संदेशात याच्या अगदी उलट लिहिलं होतं: भागीदार नेहमी विरुद्ध पक्षी निवडा, म्हणजे उणीव भरून निघते. दोन्ही संदेशांखाली जोडलेले हात तेवढेच होते.

आमचा छपाईचा धंदा आहे. भागीदार गिऱ्हाइकं बघतो, मी हिशेब, कागदाची खरेदी आणि देणी बघतो. त्याच्या मते मी प्रत्येक गोष्टीत खोडा घालतो. माझ्या मते तो मशीन रिकामं आहे की नाही हे न बघता तारखा वाटत सुटतो. मोर आणि घुबड, अगदी चित्रातले.

मग त्याचा पाय मोडला आणि तो अडीच महिने घरी बसला. गिऱ्हाइकांकडे मी जाऊ लागलो, हिशेब त्याच्याकडे गेले. तिसऱ्या आठवड्यात मी एका मोठ्या कामाला आठ दिवसांची तारीख देऊन आलो. संध्याकाळी त्याचा फोन.

"कुणाला विचारून तारीख दिलीस? कागदवाल्याचं मागचं बिल अजून थकलंय."

"अरे, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना 'बघून सांगतो' म्हणता येत नाही."

बोलून झाल्यावर लक्षात आलं, हे वाक्य त्याचं होतं. गेली कित्येक वर्षं मी ते ऐकून चिडत होतो.

खात्यात किती शिल्लक आहे ते रोज सकाळी ज्याला दिसतं तो सावध होतो. गिऱ्हाइकाचा चेहरा ज्याला दिसतो तो हो म्हणतो. स्वभाव असतोच, पण खुर्चीही बोलते, आणि चाचणीला खुर्ची दिसत नाही. माणूस सगळीकडे सारखाच वागतो ही समजूत किती पोकळ आहे ते मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी 1968 सालीच दाखवलं होतं. त्यावर पुढे बरीच वर्षं वाद झाले. त्यांतून हाती लागलेलं कामाचं सूत्र असं, की "तो कसा आहे" यापेक्षा "अमुक प्रसंगी तो काय करतो" हे विचारावं.

मालकांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि संदेशाने नेमकी तीच सोडली आहे. नोकराच्या स्वभावाला वर साहेब असतो, नियम असतात. मालकाला वेसण घालणारं कुणी नसतं, त्यामुळे त्याची सवय हाच धंद्याचा नियम होऊन बसतो. पैसे मागायला संकोचणाऱ्या मालकाची उधारी थकते आणि भांडवल दुसऱ्यांच्या खिशात फिरतं. त्याला "तू कबूतर आहेस, गरुड शोध" सांगून काय मिळणार? बिल दिल्यापासून तिसाव्या दिवशी आठवणीचं पत्र आपोआप जाईल अशी सोय केली, तर संकोच तसाच राहूनही वसुली होते.

पाय बरा झाल्यावर आम्ही दोघांनी एक कागद केला. किती रकमेपर्यंतचा खर्च न विचारता करायचा. मशीनचं वेळापत्रक बघितल्याशिवाय तारीख द्यायची नाही, आणि विचारणा आली तर मी तासाभरात हो-नाही सांगायचं, दुसऱ्या दिवशी नव्हे. जो निर्णय उद्या फिरवता येतो तो एकट्याने घ्यायचा, जो फिरवता येत नाही तो एक रात्र मध्ये ठेवून दोघांनी. वाईट बातमी त्याच दिवशी सांगायची. भांडणं थांबली नाहीत. पण पूर्वी ती "तू असाच आहेस" वर जायची, आता "दुसरं कलम मोडलंस" वर जातात, आणि अर्ध्या तासात मिटतात.

शेवटचं कलम आम्ही चार वेळा लिहून खोडलं: उद्या आपल्यापैकी एकाला बाहेर पडायचं असेल, तर मशीनची किंमत कुणी ठरवायची? ते अजून कोरंच आहे.