चोविसावा आरा

आमच्या घराचे पुढचे दार गेले चार दिवस बंद आहे आणि आम्ही सगळे मागच्या अंगणातून, धुण्याच्या दगडाला वळसा घालून ये-जा करीत आहोत. याला प्रजासत्ताक दिन कारणीभूत आहे असे म्हणणे बरे दिसणार नाही. म्हणून सांगतो की कारणीभूत आहेत ते आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे एक सेवानिवृत्त काका.

दारापुढे तिरंग्याची रांगोळी काढायचे बायकोने आणि मुलीने ठरवले होते. पट्टे त्यांनी भरले आणि शाळेत माझी भूमिती बरी होती, या आजवर कोणीही न तपासलेल्या दाव्याच्या जोरावर चक्र माझ्याकडे आले. दोरी आणि खडूने मी वर्तुळ आखले, आडवी-उभी रेघ मारून त्याचे चार भाग केले आणि प्रत्येक भागात पाच-पाच आरे ओढले. साडेआठ वाजता घरची मंडळी तहसीलच्या मैदानाकडे निघाली. मी कुलूप शोधायला मागे राहिलो आणि तेवढ्यात काका आले.

ते रांगोळीपुढे उकिडवे बसले, चष्म्याच्या काचा धोतराच्या सोग्याने पुसल्या आणि काठीचे टोक चक्रावर अधांतरी फिरवत मनाशी काहीतरी पुटपुटू लागले.

"तेवीस," ते म्हणाले.

"चोवीस आहेत, काका. मी स्वतः काढलेत."

"म्हणूनच." त्यांनी पुन्हा मोजायला घेतले. गोल वस्तू मोजण्यातली अडचण अशी की सुरुवात कुठून केली हे शेवटाला आठवत नाही. त्यामुळे दुसऱ्या खेपेस पंचवीस आले. सरासरी चोवीसच येते, हे मी नम्रपणे निदर्शनास आणून दिले. त्यावर त्यांनी खिशातून चष्म्याचे घर काढले, पहिल्या आऱ्यापाशी खूण म्हणून ठेवले आणि तिसऱ्यांदा मोजले. तेवीस. चौथ्या भागात मी पाचऐवजी चारच आरे ओढले होते, कारण त्याच वेळी चहा आला होता.

"आणि लांबी-रुंदी तीनास दोन हवी," असे म्हणत ते वितीने पट्टे मोजू लागले. आमचा उंबरठा अरुंद असल्यामुळे झेंडा जवळजवळ चौकोनी झाला होता. मला ध्वजारोहणाला उशीर होतो आहे, असे मी सांगून पाहिले आणि इथे माझे चुकले. 15 ऑगस्टला ध्वज खालून वर चढवतात, ते ध्वजारोहण. 26 जानेवारीला तो आधीच वर बांधलेला असतो आणि नुसता उलगडून फडकवतात, हा फरक काका मला दरवर्षी सांगतात. तो खरा आहे, हेच अधिक चीड आणणारे आहे. 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने चरख्याऐवजी चक्र स्वीकारले नसते, तर माझी ती सकाळ सुखात गेली असती, असा एक अराष्ट्रीय विचारही तेव्हा मनात येऊन गेला.

अखेरीस मी नवा सदरा सावरत खाली बसलो, चार आरे पुसले आणि पाच ओढायला घेतले. तिसऱ्यावर होतो तोच 9.15 झाले आणि मैदानावरच्या भोंग्यातून राष्ट्रगीत सुरू झाले. काका ताडकन सावधान झाले. मीही गुडघ्यांच्या परवानगीची वाट न पाहता उठलो. चिमटीत निळी रांगोळी तशीच होती. हात हलवता येईना आणि चिमूट घट्ट राहीना, त्यामुळे पूर्ण 52 सेकंद ती कणाकणाने खालच्या केशरी पट्ट्यावर गळत राहिली. काका समोर बघत होते, पण त्यांना ते दिसत होते, याबद्दल मला शंका नाही.

चोवीस आरे मोजणाऱ्या या डोळ्यांना त्यांच्याच फाटकासमोरचा खड्डा दोन पावसाळ्यांत दिसलेला नाही. त्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्यांसाठी रस्त्याच्या कडेने पांढरी फक्की ओढली होती आणि ओढणाऱ्याने ती रेघ त्या खड्ड्याला सुबक वळसा घालून नेली होती. त्याबद्दल मी तीन अर्ज दिले आहेत. त्या अर्जांवर काकांची सही मागितली, तेव्हा त्यांनी माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिले आणि सही केली नाही.

मंडळी जिलेबी घेऊन परतली. "काका होते म्हणून चूक कळली," असे म्हणून बायकोने पहिली जिलेबी त्यांच्या हातावर ठेवली. रांगोळीपुढे फोटो निघाला. त्यात काका मधोमध आहेत आणि काढणारा मी असल्यामुळे मी नाही.

जाता जाता ते म्हणाले, "खरे म्हणजे ध्वज जमिनीला लागताच कामा नये."

"मग पुसून टाकू?"

"तिरंग्यावर केरसुणी फिरवणार?"

"मग करायचे काय?"

"ध्वज खराब झाला तर तो एकांतात, शक्यतो जाळून, सन्मानाने नष्ट करावा, असे संहिता सांगते. रांगोळीचे बघतो." असे म्हणून त्यांनी दुसरी जिलेबी उचलली आणि निघून गेले.

ते अजून बघत आहेत. दूधवाला पिशवी शेजारी ठेवून जातो. मी रोज संध्याकाळी खिडकीत उभा राहून वारा सुटतो का पाहतो. काल थोडासा सुटला होता, तेव्हा मुलीने धावत जाऊन रांगोळीवर परात पालथी घातली.