सिकू एकट्यानं वाजत नाही

तुमचा वाद्यांवरचा लेख आवडला, पण दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांमधल्या सिकूचा उल्लेख एका ओळीत उरकलाय, म्हणून थोडी भर. बोरूच्या नळ्यांचं हे फुंकून वाजवायचं वाद्य जोडीनं वाजतं. एकाच्या हातात ‘इरा’ हा नळ्यांचा संच, दुसऱ्याच्या हातात ‘आर्का’ हा दुसरा संच, आणि स्वर एकाआड एक दोघांत वाटलेले. जोडीदार नसेल तर साधी चालही पुरी होत नाही! इथल्या लोकांच्या वाद्यांवर दडपशाहीही झाली आहे: १७८१ मध्ये पेरूतल्या दुसऱ्या तुपाक आमारूचं स्पॅनिश सत्तेविरुद्धचं बंड चिरडताना स्पॅनिश अधिकाऱ्यांनी इंका पोशाखाबरोबर ‘पुतुतू’ या शंखाच्या तुतारीवरही बंदी घातली होती. आणि आज? पेरूतल्या पुनो शहरात दर फेब्रुवारीत कांदेलारियाच्या (मेरीमातेच्या) उत्सवात आयमारा, केचुआ या मूळनिवासी समाजांतल्या पोरांचे सिकूचे ताफेच्या ताफे ढोल बडवत रस्त्यावर उतरतात, मान ताठ ठेवून. ऐकताना ऊर भरून येतो. या ताफ्यांवर स्वतंत्र लेख जरूर लिहा.