उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची का? नागपूरच्या वाचकाला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: २००४ची मारुती ८००, नागपूरचा मे महिना आणि समृद्धी महामार्गाचं तापलेलं काँक्रीट. अशा वेळी 'गाडीवरच्या स्टिकरचा आकडा (कंपनीने सांगितलेला टायरमधल्या हवेचा दाब) पाळा' हा माझा सल्ला पुस्तकी आहे. उन्हात हवा फुगून टायर फुटतो, म्हणून तुम्ही चार-पाच पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमीच ठेवता.

मला हे अजिबात पटत नाही, आणि प्रश्न जिवाचा आहे म्हणून स्पष्टच लिहितो. तापल्यावर दाब वाढतो हे खरं, पण किती? ३० पीएसआयचा टायर ३० अंशांनी तापला तर साधारण साडेचार पीएसआय. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, ही वाढ त्यात धरलेली असते. बहुतेक टायर जातात ते उलट कारणाने. हवा कमी असली की टायर दबतो आणि प्रत्येक फेऱ्याला त्याची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, दुमडून सरळ होते. ८००चं १२ इंची चाक ताशी १०० ला मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेतं. त्या दुमडण्यातून जी उष्णता तयार होते, ती उन्हापेक्षा घातक असते. आतल्या दोऱ्यांची रबराशी असलेली पकड सुटत जाते, आणि सरळ रस्त्यावर तासभर वेग न उतरल्यामुळे टायरला गार व्हायला उसंतच मिळत नाही.

पंपावर काय होतं बघा. तासभर गाडी पळवून तुम्ही थांबता, गेज ३४ दाखवतो, आणि पोऱ्या तुमच्या सांगण्यावरून २८ वर आणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टायरमध्ये २४ च्या आसपासच उरते. गरम टायरची हवा कधीच सोडू नका.

जुन्या गाडीबद्दलचा तुमचा एक मुद्दा मात्र रास्त आहे. स्टिकर मूळ मापाच्या टायरसाठी असतो. रिम बदलली असेल, किंवा पद्मिनी-अँबेसिडरसारख्या गाडीला जुन्या बांधणीच्या क्रॉस-प्लाय टायरऐवजी आजचे रेडियल चढवले असतील, तर तो आकडा फक्त सुरुवातीचा. मग लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा त्यावरचा आकडा) बघून टायरवाल्याकडून कंपनीचा तक्ता मागा आणि नंतर झीज बघा: दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त. साइडवॉलवरचा कमाल आकडा भरायचा नसतो, ती टायरची मर्यादा असते.

'गाडी कमी फिरते, नक्षी शाबूत आहे,' असंही तुम्ही लिहिलंय. मला खरी काळजी त्याचीच वाटते. कमी फिरणाऱ्या गाडीचा टायर झिजण्याआधीच म्हातारा होतो. टायरच्या बाजूवर 'DOT' (डीओटी) ने सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी तो कधी बनला ते सांगणारे चार अंक असतात. ३११६ म्हणजे २०१६चा ३१वा आठवडा. नक्षीच्या खाचांत बारीक भेगा दिसल्या तर कितीही हवा भरा, तो टायर समृद्धीवर नेऊ नका. आणि एकाच चाकाची हवा सारखी उतरत असेल तर वॉल्व्हवर आणि रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावा. जुन्या लोखंडी रिमला गंज धरला की तिथून हवा झिरपते.

उद्या सकाळी गाडी काढण्याआधी स्टेपनीसकट पाचही टायरची हवा मोजा, ते चार अंक वाचा आणि मला कळवा. मग तुमच्या गाडीचं नेमकं बोलू.