वसईचा गोन्सालो म्हणे ‘आपला’ नाही!

फेब्रुवारी उजाडला की वसईकडच्या ग्रुपांवर वसईच्या संत गोन्सालो गार्सियाबद्दल एक मेसेज हमखास फिरू लागतो. मथितार्थ असा: भारताची पहिली संत म्हणजे केरळची अल्फोन्सा, तीही 2008 सालची. वसईचा गोन्सालो गार्सिया पोर्तुगीज होता. तलवारीच्या जोरावर बाटवाबाटवी करायला जपानला गेलेला हा पाद्री, तिथल्या राजाने त्याला क्रुसावर चढवला ते ठीकच झाले. आणि असल्या माणसाला इथले ख्रिस्ती देव मानून पुजतात. मेसेज पाठवणाऱ्यांत काही ख्रिस्तीही असतात, म्हणून हा खटाटोप.

तारखांचा मुद्दा आधी निकालात काढू. गोन्सालोला नागासाकीतल्या निशिझाका टेकडीवर 5 फेब्रुवारी 1597 रोजी मारले. 1627 मध्ये पोप आठवे अर्बन यांनी त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले आणि 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी संतपद दिले. अल्फोन्सांचा जन्मच मुळी 1910 चा. त्या भारताच्या पहिल्या महिला संत आहेत आणि हा मान त्यांचाच. पण ‘महिला’ वगळून तीच बातमी पुढे ढकलली की वसईचा पोरगा आपोआप पुसला जातो.

आता तो पोर्तुगीज होता का? वडील पोर्तुगीज होते, हे कुणी नाकारत नाही. आई इथली, याच किनाऱ्यावरची. जन्म 1556-57 च्या सुमाराचा, वसईतला. वसई 1534 ला पोर्तुगीजांकडे गेली, ती 1739 ला चिमाजी अप्पांनी परत घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. त्या काळात अशी मिश्र घरे इथे होतीच. ज्याला आई-वडील दोघेही भारतीयच हवेत त्याने आपली व्याख्या खुशाल तशी करावी. मग मदर तेरेसांचे काय करणार? त्या स्कोप्येत जन्मल्या, तरुणपणी भारतात आल्या आणि 2016 मध्ये संत झाल्या तेव्हा सगळ्या देशाने ‘आपली संत’ म्हणून मिरवल्या. त्यात गैर काहीच नाही. पण तरुणपणी इथे आलेली बाई आपली होऊ शकते, तर इथे जन्मलेला, इथल्या आईचा मुलगा परका कसा?

यात एक जुनी खोचही आहे. गोन्सालो वसईच्या किल्ल्यात जेझुइटांकडे (हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) शिकला, त्यांच्याच बरोबर कोवळ्या वयात जपानला गेला, भाषा शिकला, धर्मशिक्षक म्हणून राबला. पण जेझुइटांनी त्याला संघात काही घेतले नाही. भारतात जन्मलेल्यांना आणि मिश्र रक्ताच्यांना संघात घ्यायला त्या काळचे वरिष्ठ नाखूशच असत. म्हणजे तेव्हाच्या गोऱ्यांना तो पुरेसा गोरा नव्हता, आणि आताच्या मेसेजवाल्यांना तो पुरेसा देशी नाही!

तिसरा आरोप, तलवारीच्या जोरावर बाटवण्याचा, सर्वांत गंभीर, आणि त्यात खऱ्या-खोट्याची सरमिसळही सर्वांत जास्त. पोर्तुगीजांनी वसईत आणि गोव्यात देवळे पाडली, माणसे छळली. 1560 पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय होते. हा इतिहास झाकायचे कारण नाही. पण त्याचे माप गोन्सालोच्या पदरात घालताना तो होता कुठे हे तरी पाहा. जपानात ना पोर्तुगीजांचे राज्य होते ना सैन्य. तलवार होती ती तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हातात, आणि त्याने 1587 मध्येच मिशनऱ्यांना हद्दपारीचा हुकूम काढला होता. गोन्सालो जेझुइटांना सोडून व्यापारात पडला, मग मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात ब्रदर झाला. ब्रदर, पाद्री नव्हे. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करायचा अधिकार त्याला नव्हता. 1593 मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचे राजदूत म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता हिदेयोशीकडे निघाले, तेव्हा बरोबर दुभाष्या म्हणून गोन्सालो गेला. ज्या माणसापुढे भले भले सरदार चळाचळा कापत, त्याच्यापुढे उभे राहून एकेका वाक्याचे भाषांतर करायचे. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर मान गेली.

ऑक्टोबर 1596 मध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानातल्या तोसाच्या किनाऱ्याला लागले. त्यावरच्या एका खलाशाने ‘आधी मिशनरी येतात, मागून फौज’ अशी बढाई मारली आणि हिदेयोशी भडकला, ही गोष्ट मेसेजवाले पुरावा म्हणून देतात. ती कितपत खरी यावर जेझुइट आणि फ्रान्सिस्कन यांची तेव्हाच जुंपली होती. हिदेयोशीची भीती पोकळ नव्हती, फिलिपिन्स स्पेनने गिळलेच होते. पण शिक्षा कुणाला झाली? क्योतोत बहुतेकांच्या कानाचा तुकडा कापून, हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवत नेऊन मारलेल्या 26 जणांत 20 जपानी होते. बाकीच्या सहांत चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आपला वसईकर; फौजेतला एकही नाही. सर्वांत लहान लुदोव्हिको, वय वर्षे बारा. ‘ठीकच झाले’ लिहिणाऱ्याने हे वय एकदा वाचावे.

राहता राहिला देव मानून पुजण्याचा मुद्दा. वसई-उत्तनच्या एखाद्या गावात मे महिन्यात संध्याकाळी क्रुसापाशी जाऊन बसा. पायरीवर मेणबत्त्या, क्रुसाला झेंडूच्या माळा, आणि कुणीतरी आजी लादीन, म्हणजे नावे घेत म्हणायची प्रार्थना, सांगत असते. देवाचे नाव आले की बाकीचे म्हणतात, ‘आम्हांवर दया कर’. संताचे नाव आले की म्हणतात, ‘आमच्यासाठी विनंती कर’. दया देवाकडे, संताकडे फक्त शिफारस. हा भेद त्या चालीतच इतका मुरलेला असतो की पोरेसोरेही चुकत नाहीत. मग उकडलेले चणे वाटले जातात आणि अर्धे लक्ष तिकडेच असते, तो भाग निराळा.

नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), सणाची मिस्सा, घरातल्या अल्तारावरची तसबीर, हे सगळे याच हिशेबातले. आता, काही मंडळी संतांशी सौदा करतात हे मात्र खरे. किल्ली हरवली की संत अंतोनीला नवस, पोराचा व्हिसा लागला तर अमुक इतक्या मेणबत्त्या. माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय आणि मेणाची घरेही वाहिली जातात. त्यावर फादरच अधूनमधून प्रवचनात कान उपटतात आणि बायाबापड्या ऐकून घेऊन पुन्हा मेण आणायला जातात. मला स्वतःला हे फारसे रुचत नाही. त्यावर जरूर टीका करा. पण देवाला सोडून संताला देव केल्याचा आरोप तिथेही बसत नाही, कारण नवस बोलणारीलाही ठाऊक असते की संताने अर्ज पुढे सरकवायचा आहे, सही दुसऱ्याची.